सुट्टीच्या दिवशीचा फोन

फोन वाजला तरी उचलायचा नाही, हे अनुराधाबाईंना क्रॉयडनला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सांगण्यात आलं, आणि त्यांना ते मुळीच पटलं नाही. घरात तीन धडधाकट माणसं, फोन ठणाणा करतोय, आणि तिघंही सोफ्यावर बसून त्याच्याकडे बघतायत, ही काय रीत झाली? साताऱ्याला त्यांच्या आळीत पहिला फोन त्यांच्याकडे आला होता. पुढची पंधरा वर्षं निम्म्या आळीने आपल्या पाहुण्यारावळ्यांना त्यांचाच नंबर देऊन ठेवला होता. कुणाची मुलगी बाळंत झाली, कुणाचा बाप गेला, सगळं आधी अनुराधाबाईंच्या कानावर यायचं. कणकेने भरलेल्या हातांनी त्या धावायच्या, चार घरं ओलांडून माणसाला बोलावून आणायच्या. त्यांच्या घरी फोन वाजून वाजून बंद पडला, असं कधी झालं नव्हतं.

"आई, इथे फोन म्हणजे सापळा आहे," अनिश म्हणाला आणि मग त्याने शांतपणे समजावून सांगितलं. तो एका चार्टर विमान कंपनीत को-पायलट होता. उन्हाळा आला की अर्धं इंग्लंड उठून स्पेन नाहीतर तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर जाऊन पडतं. विमानं गच्च भरतात, आणि कंपनीकडे पायलट मात्र हिवाळ्याला पुरतील तेवढेच. मग सुट्टीवरच्या माणसाला ओढून आणायचं. कंपनी आणि युनियन यांच्यात करार होता. महिन्यातून एकदा कंपनी पायलटला सुट्टीच्या दिवशी हुकूम सोडून बोलावू शकते, पण तो हुकूम पायलटला स्वतःला सांगितला पाहिजे. फोनच्या आन्सरिंग मशीनवर ठेवलेला निरोप चालत नाही. बायकोजवळ दिलेला चालत नाही. पायलट स्वतः हॅलो म्हणाला की अडकला.

"म्हणजे तुमच्या युनियनने एवढं भांडून काय मिळवलं, तर फोन न उचलायची परवानगी?" अनुराधाबाई म्हणाल्या.

"हो. आणि तेवढ्यावरच आमचा संसार चाललाय," अनिश म्हणाला. तो हसला नाही.

आणि हे सगळं कशासाठी, तर हेतलसाठी. अनिश आणि आश्लेषाच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. इलाज झाले, चार वेळा आशा लागली आणि चारही वेळा मोडली. मग दोघांनी दत्तक घ्यायचं ठरवलं. लेस्टरला एका इंग्लिश बाईकडे तात्पुरती ठेवलेली अडीच वर्षांची मुलगी होती. आई गुजराती, सोडून गेलेली. बाप कोण ते माहीत नाही. तिच्यासाठी भारतीय घर शोधत होते. जानेवारीत अनिशने हे फोनवर सांगितलं, तेव्हा अनुराधाबाईंच्या तोंडून निघून गेलं होतं, "अरे, कुणाची कोण पोर, उद्या कशी निघेल कुणी सांगावं? त्यापेक्षा नको ना." फोन स्पीकरवर होता. आश्लेषा त्यांच्याशी दीड महिना बोलली नाही.

ते बोलणं त्यांना पुढे फार जड गेलं. मे महिन्यात त्या सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या, आणि फ्रिजवर लावलेला तो फोटो त्यांनी पाहिला. कपाळावर आलेली झिपरी, एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा, आणि फोटो काढणाऱ्याकडे असं बघणं की, तू तरी राहणार आहेस का? अनुराधाबाईंचं तिथेच पाणी झालं. आठवड्याभरात त्यांनी दोन झबली-फ्रॉक शिवले. 'हेतल' हे नाव तोंडात बसावं म्हणून त्या भांडी घासताना ते एकटीच म्हणून बघायच्या. आश्लेषाने ते ऐकलं होतं. बोलली काही नाही, पण त्या दिवसापासून चहा विचारून करायला लागली.

आता नोकरी कशी आडवी येत होती, तेही ऐका. मार्चमध्ये दोघांना दत्तकाच्या समितीपुढे जायचं होतं. त्याच सकाळी कंपनीचा हुकूम आला, आणि अनिशने सरळ नाही म्हणून सांगितलं. समितीने होकार दिला, पण कंपनीने हातात शेवटची लेखी ताकीद ठेवली. पुन्हा नकार दिला तर नोकरी गेली. जूनमध्ये हेलन म्हणून मुलीकडची सोशल वर्कर घर बघायला यायची होती. पहाटे अर्धवट झोपेत अनिशने फोन कानाला लावला आणि त्याला स्पेनमध्ये पाल्माला जावं लागलं. जुलैमध्ये ती पुन्हा आली. त्या सकाळी अनिश तुर्कस्तानातून परतायचा होता. विमान रखडलं, कॅप्टनने आपल्या अधिकारात ड्युटी तीन तास वाढवली, आणि हा घरी पोचला तेव्हा हेलन लेस्टरच्या गाडीत बसली होती. त्यानंतर तिचं पत्र आलं. बाई भली होती, भाषाही मऊ होती, पण अर्थ कुणालाही कळावा असा होता. गुरुवार, सोळा ऑगस्ट, सकाळी अकरा. दोघंही घरी हवेत. बर्मिंगहॅमचं आणखी एक कुटुंब विचारात आहे. या खेपेला जमलं नाही, तर मला त्यांचं नाव पुढे करावं लागेल.

रजा मागावी, तर सगळी रजा दत्तकाच्या प्रशिक्षणवर्गात संपली होती, आणि ऑगस्टमध्ये कंपनी रजा देतच नव्हती. सुदैवाने रोस्टरवर, म्हणजे ड्युटीच्या तक्त्यावर, सोळा तारखेला सुट्टी आली. युनियनच्या ग्रॅहमने अनिशला एवढंच सांगितलं, "फोन उचलू नकोस. तुला वाचवणारं दुसरं कलम माझ्याकडे नाही."

सोळा तारखेला सकाळी अनिशने मोबाइल बंद करून कपाटात टाकला. घरचा फोन तोडता येत नव्हता, कारण गाडी चुकली तर हेलन त्याच नंबरवर कळवणार होती. मग असं ठरलं की आधी मशीनला घेऊ द्यायचं, कोण बोलतंय त्याचा आवाज ऐकायचा, हेलन असेल तरच उचलायचा. पावणेदहाला आश्लेषा निघाली. वाटेत फुलं घ्यायची आणि ईस्ट क्रॉयडन स्टेशनवर हेलनला गाठायचं, ट्रामने घरी आणायचं, असा बेत होता. दाराशी तिने विचारलं, "आई, फोनचं लक्षात आहे ना?"

"अगं, किती वेळा सांगशील? लहान का आहे मी?" अनुराधाबाई म्हणाल्या.

अनिश वर जिन्याच्या तोंडाशी लहान मुलांसाठीचं फाटक बसवत होता. हेलनच्या यादीत ते होतं. ड्रिलची घरघर सगळ्या घरात भरली होती. अनुराधाबाई खाली रव्याचे लाडू वळत होत्या. इंग्लिश बाई खाईल न खाईल, पण घरात कुणी मोठ्या कामाला येतंय आणि गोड नाही, हे त्यांना सहन झालं नसतं. दहाला दहा मिनिटं असताना फोन वाजला. त्या हलल्या नाहीत. चार घंट्या झाल्या, मशीनवर अनिशचा इंग्लिश आवाज येऊन गेला, टूं झालं.

"काकू, मी सुहासिनी बोलतेय. मंडळात भेटलो होतो बघा, जूनमध्ये. तुम्ही मेतकुटाची कृती सांगितली होतीत. कशा आहात? घरात आहात का?"

आता काय सांगावं. तीन महिने अनुराधाबाईंशी पोटचा पोरगा आणि सून सोडून फारसं कुणी मराठीत बोललं नव्हतं. दोघं कामाला गेली की दिवसदिवस टीव्ही, पाऊस आणि शेजारच्या म्हाताऱ्याचं 'लव्हली डे'. जूनमध्ये इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात एकच बाई त्यांच्याशेजारी येऊन बसली, मायेने बोलली, ती ही सुहासिनी. तिने सांगितलंही होतं की, मीही अनिशच्याच कंपनीत, ऑफिसात. ते त्यांच्या लक्षात होतं. ऑफिसात म्हणजे नक्की काय करते, ते मात्र विचारलं नव्हतं. मशीनमधून कुणी काकू म्हणून हाक मारतंय आणि आपण लाडू वळत बसायचं, हे त्यांना जमलं नाही. तुपाच्या हातानेच त्यांनी फोन उचलला.

"अगं, किती दिवसांनी. बरी आहेस ना?"

"बरी आहे काकू. अनिश घरीच आहे का?"

"आहे ना. वर फाटक बसवतोय. देते हं."

देते हं. आळीतल्या साठ माणसांसाठी हजार वेळा उच्चारलेले दोन शब्द, ते असे आपसूक बाहेर पडले. त्या जिन्याखाली गेल्या, हाक मारली. ड्रिल थांबलं. अनिश घाम पुसत खाली आला. त्याला वाटलं, आईने उचललाय म्हणजे हेलनच. त्याने फोन घेतला आणि हसऱ्या आवाजात म्हणाला, "हॅलो, अनिश बोलतोय." अर्थात इंग्लिशमध्ये.

पलीकडून काय आलं ते अनुराधाबाईंनाही ऐकू येत होतं. आवाज तोच, पण आता इंग्लिश, आणि कागदावरून वाचावा तसा. हा कॉल रेकॉर्ड होत आहे. वेळ नऊ बावन्न. तुमची तब्येत ठीक आहे ना?

"येस, फाइन," अनिश म्हणाला. सवयीने म्हणाला. आणि मग त्याचा चेहरा पडला.

करारातल्या कलमाप्रमाणे तुम्हाला ड्युटी देण्यात येत आहे. टेनेरिफ. साडेअकराला गॅटविकला हजर व्हायचं. समजलं का, हो किंवा नाही सांगा.

 तो हो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.  ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, "आई, काय केलंस हे?"

"मला वाटलं ती सहज... अरे, मराठीत बोलली रे ती." त्यांना स्वतःचंच बोलणं ऐकवेना. "तू फोन कर तिला. सांग पोटात कळ आली म्हणून."

"आत्ता मी ठीक आहे म्हणून सांगितलं. रेकॉर्ड झालंय ते."

"मग जाऊ नकोस. काय करतील?"

"काढून टाकतील. आणि नोकरी नसलेल्या माणसाला मूल देतील का कोणी?" त्याने ग्रॅहमला फोन लावला. ग्रॅहमने दोन मिनिटं ऐकून घेतलं आणि विचारलं, तू खरोखर उडायला अयोग्य आहेस का? तसं असेल तर जगातली कुठलीच कंपनी तुला बसवू शकत नाही. पण खोटं सांगितलंस आणि कंपनीच्या डॉक्टरने पकडलं, तर तुझं लायसन्स जाईल, आणि तेव्हा मीही तुझ्या बाजूने उभा राहू शकणार नाही. अनिशने थॅंक्यू म्हणून फोन ठेवला आणि तो दाढी करायला वर गेला.

अनुराधाबाईंनी डायरी शोधली. सुहासिनीने मंडळात आपला मोबाइल नंबर त्यांच्या डायरीत लिहून दिला होता. त्यांनी तो फिरवला.

"काकू, मी डेस्कवर आहे, बोलता येणार नाही," सुहासिनी कुजबुजली.

"सुहासिनी, मी तुझ्या पाया पडते गं. आज दत्तक मुलीसाठी घर बघायला येतायत. तो गेला तर मूल मिळणार नाही त्यांना. दुसऱ्या कुणाला तरी पाठव."

 "काकू, सकाळी सहापासून मी एकवीस पायलटांना फोन केले. एकानेही उचलला नाही. इथे माझ्या शेजारी सुपरवायझर बसलाय. तो म्हणाला, तुमच्या लोकांपैकी कुणी आहे का बघ, त्यांच्याकडे म्हाताऱ्या असतात घरी. मला नको होतं हे करायला. पण आता ते कॉम्प्युटरवर चढलंय, माझ्या हातात नाही राहिलेलं." आणि मग अगदी बारीक आवाजात, "मुलीचं मला माहीत नव्हतं, काकू. देवाशप्पथ." फोन बंद झाला.

त्यांच्याकडे म्हाताऱ्या असतात घरी.  अनुराधाबाईंना संताप आला, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. सुहासिनी फसवी खरी, पण तिनेही एकवीस घरांत वाजून बंद झालेले फोन ऐकले होते. आणि ती एकवीस घरं शहाणी होती. मूर्ख हे एकच निघालं, ते त्यांच्यामुळे.

दहा चाळीसला अनिश पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, हातात बॅग अशा वेशात दाराबाहेर पडला, आणि त्याच वेळी आश्लेषा आणि हेलन बाहेरच्या फाटकातून आत आल्या. आश्लेषाच्या हातात पिवळी फुलं होती. तिने त्याचा युनिफॉर्म पाहिला आणि ती जागच्या जागी थांबली. कुणी काही सांगायची गरजच नव्हती.

"मला दहाच मिनिटं आहेत," अनिश हेलनला म्हणाला. "काय विचारायचं ते विचारा. मी उद्या लेस्टरला येतो. परवा येतो. म्हणाल तेव्हा येतो."

"उद्या तुम्हाला सुट्टी आहे?" हेलनने विचारलं. तिने टोमणा मारला नव्हता, खरोखरच विचारलं होतं.

 उद्या टेनेरिफहून परतल्यावर सक्तीची विश्रांती, मग तीन दिवस पहाटेच्या ड्युट्या. अनिशला हो म्हणता आलं नाही. त्याने आश्लेषाच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिने झटकलाही नाही आणि धरलाही नाही. तो ट्रामच्या दिशेने गेला.

आत बसल्यावर अनुराधाबाईंनी आपलं सगळं इंग्लिश गोळा केलं. "माय मिस्टेक," त्या म्हणाल्या. "सन गुड. सन व्हेरी गुड. आय टेक फोन. ही टेल मी नो, आय टेक." त्यांनी हात जोडले. हेलनने ते हात आपल्या हातात घेतले आणि खाली केले. तिने लाडू खाल्ला, अख्खा खाल्ला. घर पाहिलं, वरची खोली पाहिली, अर्धवट बसलेलं फाटक पाहिलं. आणि मग आश्लेषाच्या समोर बसून ती हळूहळू बोलली.

तिचं म्हणणं असं होतं. या मुलीची अडीच वर्षांत तीन घरं झाली. दर वेळी कुणीतरी येतो म्हणालं आणि आलं नाही. आता ती दुपारी खिडकीत जाऊन उभी राहते, कुणाची वाट बघते ते तिलाही ठाऊक नाही. तुम्ही चांगली माणसं आहात, यात मला शंका नाही. पण मला तिला अशा घरी द्यायचंय, जिथे येतो म्हटलेला माणूस येतो. "आणि ते तुमच्या नवऱ्याच्या हातात नाही. तीनदा मी पाहिलं, ते त्याच्या हातात नाही."

"तो नोकरी बदलेल," आश्लेषा म्हणाली. "आम्ही दोघं बदलू. मला एक वर्ष द्या."

"तिच्याकडे वर्ष नाही," हेलन म्हणाली. तिने फाइल बंद केली. तिचेही डोळे भरले होते, आणि त्याने काहीच फरक पडत नव्हता. जाताना तिने सांगितलं की दुसऱ्या कुठल्या मुलासाठी तुमचं नाव यादीत राहील. आश्लेषाने मान हलवली, तिला दारापर्यंत पोचवलं, बाय म्हटलं, दार लावलं.

मग दोघी समोरासमोर बसल्या. पाऊण तास झाला असेल. आश्लेषा रडली नाही. रडेल म्हणून अनुराधाबाई वाट बघत होत्या, म्हणजे जवळ घेता आलं असतं. भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजला. अनिशचं विमान आता उडालं असेल, असं अनुराधाबाईंच्या मनात आलं, तेवढ्यात आश्लेषा बोलली.

"आई, एकच विचारते. मुद्दाम उचललात का?"

"काय बोलतेस गं? नाही. नाही गं."

"जानेवारीत तुम्ही म्हणाला होतात, कुणाची कोण पोर."

"ते जानेवारीत. तेव्हा मी तिला पाहिलं नव्हतं."

"मग शपथ घ्या." आश्लेषाचा आवाज अगदी साधा होता, दुधाचं काय झालं असं विचारावं तसा. "मला रागवायचं नाहीये. मला फक्त ठरवायचंय की तुमच्याबरोबर एका घरात राहता येईल का. शपथ घ्या."

अनुराधाबाईंना आयुष्यभर एकच शपथ येत होती. अनिशच्या जन्मापासून दुसरी त्यांनी घेतली नव्हती. "अनिशची शप..."

"त्याची नको," आश्लेषा पटकन म्हणाली. "तो वर आहे आत्ता."

खरंच होतं ते. विमानात असलेल्या माणसाची शपथ घेऊ नये. अनुराधाबाई थांबल्या. नवरा गेलेला, गेलेल्याची शपथ खोटी पडली काय नि खरी ठरली काय. स्वतःची घ्यावी, तर सहासष्टीच्या बाईचा जीव, त्याची शपथ ती काय आणि त्याला वजन किती. आश्लेषाची घ्यावी, तर ती घेऊ देणार नाही. शपथ घ्यायची ती जिवाच्या माणसाची, घरातल्या लेकराची. दुसरं नाव त्यांना सुचेना, आणि हे नाव मात्र तोंडात चांगलं बसलं होतं, तीन महिने म्हणून म्हणून.

"हेतलची शपथ," अनुराधाबाई म्हणाल्या.

आश्लेषाने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा विश्वास बसला होता, तो तिच्या चेहऱ्यावर दिसत होता, आणि तरीही तिने नकारार्थी मान हलवली.

"आपल्या माणसाची शपथ घेतात, आई," ती म्हणाली. "ती आता आपली कुठे आहे?"

आणि ती उठून कपबशा गोळा करायला लागली.